हायपोची बाटली

आमच्या वाईत सगळे लोक ‘फोटो धुणे’ असेच म्हणत. पण अण्णांना तो शब्द मुळीच खपत नसे. “धुणं घाटावर धुतात,” ते म्हणत, “फोटो पक्का करायचा असतो.” आणि मग समोर जो कोणी असेल त्याला, तो दूधवाला का असेना, फोटो पक्का करणे म्हणजे काय ते समजावून सांगू लागत. दूधवाला बिचारा माप हातात घेऊन उभा राही, आणि त्या दिवशी पुढच्या आळीला चहा उशिरा मिळे.

अण्णा पोस्टात कारकून होते. त्यांना व्यसने दोनच. एक तपकिरीचे. निगेटिव्हवर तपकिरीचे कण बसतात असे लक्षात आल्यावर ते त्यांनी एका दिवसात सोडले. दुसरे फोटोग्राफीचे. ते सुटले तर नाहीच, उलट मला लागले.

आमची डार्करूम म्हणजे आमचे न्हाणीघर. रात्रीची जेवणे आटोपली, आईची झाकपाक झाली, की अण्णा न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावीत, दगडी डोणीवर आडवी फळी टाकीत आणि तिच्यावर तीन ट्रे मांडीत. डावीकडच्या ट्रेत डेव्हलपर, मधल्यात पाणी, उजवीकडे हायपो. कोपऱ्यात एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला जुना एन्लार्जर आणि वर लाल दिवा. त्या लाल उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटतो, त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते खोटे नाही. पण चेहरा उमटला की पाहुणे मंडळी “वा!” म्हणून बाहेर निघून जात. तिसऱ्या ट्रेकडे कोणी पाहत नसे. तेथे पाहण्यासारखे काही नव्हतेच. कागद पाण्यासारख्या पाण्यात बुडालेला असे, आणि अण्णा ट्रेचा एक कोपरा उचलून तो पाळण्यासारखा हलवीत बसलेले असत.

तरी खरे काम तेथेच चाललेले असते. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. ज्या क्षारावर प्रकाश पडला त्याची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. ज्याच्यावर पडला नाही तो तसाच पांढरा, दबा धरून बसलेला असतो. त्याला बाहेर काढले नाही तर आज ना उद्या तो उजेडात काळवंडणार. हायपो त्याला विरघळवून बाहेर काढतो. हा गुण सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात आला १८१९ साली, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होण्याच्या आधी वीस वर्षे. १८३९ साली जेव्हा लोकांना उन्हाने चित्र काढता येऊ लागले, पण ते टिकवता येईना, तेव्हा हर्शेलसाहेबांनी आपली जुनी माहिती पुढे केली. रोग निघण्याआधी वीस वर्षे औषध तयार होऊन बसलेले, असा हा प्रकार. या पदार्थाला त्या वेळी ‘हायपोसल्फाइट ऑफ सोडा’ म्हणत. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे नाव बदलून सोडियम थायोसल्फेट केले. पण घरात पडलेले नाव बारशाच्या नावाला पुरून उरते, तसा ‘हायपो’ आजतागायत हायपोच राहिला.

आमचे घर काटकसरीचे होते, म्हणजे त्या वेळच्या चारचौघांच्या घरांसारखेच. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचे पायपुसणे व्हायचे आणि पायपुसण्याचे शेवटी सायकल पुसायचे फडके. डेव्हलपर या रांगेत बसणारा नव्हे. ट्रेत ओतला की त्याचे आयुष्य त्या रात्रीपुरते. हायपो मात्र काम झाले की नरसाळ्यातून पुन्हा बाटलीत जाई आणि पुढच्या खेपेस बाहेर येई. तो कसा करावा, कसा ठेवावा, किती वेळा वापरावा आणि केव्हा त्याचा निरोप घ्यावा, याचे अण्णांनी एक शास्त्रच बसवले होते. ते शास्त्र मी लहानपणीच शिकलो. शिकूनही मी काय केले ते पुढे येईलच.

हायपोची तयार पाकिटे बाजारात मिळत. पण अण्णांच्या मते पाकीट आणणे म्हणजे फोडणी विकत आणणे. लिटरभराचे माप मला आजही पाढ्यासारखे पाठ आहे. बंबातले कढत पाणी, ५० अंशांवर निववून, ६०० मिलिलिटर. त्यात हायपोचे खडे २४० ग्रॅम. मग सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम. मग २८ टक्क्यांचे अॅसेटिक अॅसिड ४८ मिलिलिटर. मग बोरिक साडेसात ग्रॅम. सर्वांत शेवटी तुरटी १५ ग्रॅम. आणि वर गार पाणी घालून लिटर पुरे करायचे. बोरिक म्हणजे आम्ही कॅरमवर टाकतो तेच, आणि तुरटी म्हणजे अण्णांच्या दाढीच्या पेटीतलीच, हे कळले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आपल्या घरातल्या वस्तू एवढ्या मोठ्या शास्त्रात बसतात याचा तो आनंद. तुरटीने कागदावरचा सरसाचा थर घट्ट होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते हवेच. नाही तर मे महिन्यात फिल्मवरचा थर ओल्या पापडासारखा बोटाला चिकटून येतो.

पाणी कढत का घ्यायचे, तर हायपोचे खडे विरघळताना पाण्यातली ऊब खाऊन टाकतात. एकदा मी हट्टाने साध्या पाण्यात ते टाकले, तर भांडे बाहेरून माठासारखे गार पडले आणि निम्मे खडे तळाशी तसेच राहिले. दुसऱ्या एका खेपेस, मी बारा वर्षांचा असेन, घाईने सल्फाइटच्या आधी अॅसिड ओतले. बघता बघता ते स्वच्छ पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि न्हाणीघरात आगपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला वास सुटला. अण्णांनी आत डोकावून पाहिले. “गंधक सुटलं,” ते म्हणाले. “अॅसिड आणि हायपो यांचं मुळात पटत नाही. मध्ये सल्फाइट असलं तरच ती दोघं एका भांड्यात नांदतात. आधी मध्यस्थ, मग पाहुणा.” रागावले नाहीत. दूध मोरीत ओतून मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावले, एवढेच.

हा मध्यस्थ बाटलीतही हळूहळू खर्च होत असतो, कारण हवा त्याला खाते. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी, बूच घट्ट हवे, जागा काळोखी आणि गार हवी. आमच्याकडे ही जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. बाटल्या औषधाच्या, गर्द तपकिरी काचेच्या. खाण्यापिण्याच्या बाटलीत हायपो भरायचा नाही हा आईचा कायदा, आणि तो फार शहाणपणाचा होता; ताजा हायपो दिसायला अगदी पाण्यासारखा असतो आणि आमच्या घरात तहानलेली मुले पुष्कळ. दर खेपेस थोडा हायपो कागदाबरोबर निघून जातो, बाटली अपुरी होते आणि वर हवा साठते. यावर अण्णांचा उपाय म्हणजे माझ्या गोट्या. बाटली जितकी अपुरी तितक्या काचेच्या गोट्या आत सोडायच्या, की पाणी वर चढून बुचाला टेकते. पुस्तकातल्या कावळ्याने केले तेच. माझ्या जिंकलेल्या गोट्यांपैकी सतरा गोट्या अशा रीतीने जिन्याखाली अडकून पडल्या होत्या. त्यांतली एक निळ्या नागमोडी रेघेची होती. तिच्यासाठी मी बाटली उजेडाला धरून पाहत असे.

बाटल्या दोन होत्या. एकीवर चिकटवलेल्या कागदावर ‘फिल्म’ असे लिहिलेले, दुसरीवर ‘कागद’. या दोघींची सरमिसळ करायची नाही. फिल्मच्या थरात चांदीचा आयोडाइड असतो. तो हायपोत उतरला की हायपोचा पाय जड होतो. आणि कागदाने दमवलेल्या हायपोत फिल्म घालणे म्हणजे तर मुळालाच कीड लावणे, कारण फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो, निगेटिव्ह बिघडली तर काय करणार? अण्णा फिल्मच्या बाटलीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. माझाही नाही. तेव्हा मला याचा राग येई.

बाटलीवर रेघा असत. आठ बाय दहा इंचांचा एक कागद हायपोतून गेला की एक रेघ; छोटे चार मिळून एक. लिटरभर हायपो पंचवीस कागद पक्के करतो, पुढे नाही. पंचविसावी रेघ झाली की अण्णा लाल शाईने फुली मारीत. फिल्मच्या हायपोची परीक्षा याहून सोपी. फिल्मच्या टोकाचा एक निरुपयोगी तुकडा घ्यायचा, त्याच्यावर हायपोचा एक थेंब ठेवून थोडा वेळ थांबायचे, मग सगळा तुकडा बुडवायचा आणि घड्याळ पाहायचे. थेंबाची खूण भोवतालच्या भागात मिसळून नाहीशी झाली आणि तुकडा काचेसारखा आरपार दिसू लागला, की तेवढा वेळ लिहून ठेवायचा. फिल्म त्याच्या दुप्पट वेळ ठेवायची. आणि ताज्या हायपोला जेवढा वेळ लागत होता त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला, की त्या हायपोला रजा द्यायची.

फिल्म अशी बोलते. हायपो दमला की ती दुधाळ राहते, तोंडावर सांगते. कागद मात्र बोलत नाही. पांढऱ्या कागदात पांढराच क्षार राहिला तर तो दिसणार कसा? फोटो तितकाच सुंदर दिसतो, तितकाच पांढरा, तितकाच काळा. दमलेल्या हायपोत आणखी एक वाईट खोड येते: तो क्षाराला धरतो, पण त्याच्यापासून जे तयार होते ते पाण्यात उतरत नाही, कागदाच्या रंध्रांतच बसून राहते. मग तासभर धुतले तरी निघत नाही. काही वर्षांनी त्याच्यातला गंधक आणि चांदी एकत्र येतात आणि फोटोतले पांढरे तेवढे पिवळे, मग तपकिरी पडू लागते. चांदीच्या वाटीत अंड्याची आमटी वाढली तर वाटी जशी काळी पडते, जात तीच. म्हणून रेघांचा हिशेब. डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही तेथे रेघांवर ठेवायचा.

फुली मारलेला हायपोही अण्णा फेकत नसत. एक तर तो विहिरीकडे किंवा झाडाच्या मुळाशी जाऊ नये म्हणून, आणि दुसरे म्हणजे त्यात चांदी असते. एका जुन्या बादलीत लोखंडाचा बारीक कीस असे; त्याच्यावर तो ओतायचा. लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या चिखलाच्या रूपाने खाली बसते. लिटरमागे फार तर दोनचार ग्रॅम. या चिखलातून आईसाठी जोडवी करायची असा अण्णांचा बेत होता, आणि दर दिवाळीला आई फराळ करता करता विचारी, “काय हो, माझ्या जोडव्यांचा चिखल कुठवर आला?” पुढे एकदा अण्णा तो डबा घेऊन सोनाराकडे गेलेही होते. सोनाराने डब्यात बोट घालून पाहिले आणि गाळण्याची मजुरीच चांदीहून जास्त होईल असे सांगितले. डबा अजून माझ्याकडे आहे.

एवढे सगळे सांगण्याचे कारण एक फोटो आहे.

१९९८ च्या मे महिन्यात ताईचे लग्न झाले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. लग्नाचे फोटो रंगीत. त्यासाठी साताऱ्याचा फोटोग्राफर आला होता. मी आपला घरातला जुना क्लिक थ्री कॅमेरा घेऊन उगाच हिंडत होतो. एका रोलवर बारा फोटो, काळेपांढरे. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मागच्या दारी बायका नारळ सोलत बसल्या होत्या. आईचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. त्यामुळे ती फोटोला कधी हसत नसे. कॅमेरा दिसला की पदर तोंडाला लावी. त्या दिवशी मावशी काहीतरी बोलली, काय ते मला ऐकू आले नाही, आणि आई मान मागे टाकून हसली. तुटक्या दातासकट. मी बटण दाबले.

फिल्म अण्णांनीच केली, लग्न झाल्यावर दुसऱ्या रात्री. आठवड्याने ताई मांडवपरतणीला आली. तिने ती निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिली आणि म्हणाली, “मला हा हवा. मोठा करून दे. उद्या बरोबर न्यायचाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एस.टी.ने ती मिरजेला परत जाणार होती.

अण्णा लग्नाच्या दगदगीने तापाने पडले होते. मी एकटाच न्हाणीघरात शिरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. डेव्हलपर केला, ट्रे मांडले, जिन्याखालून ‘कागद’ची बाटली काढली. तिच्यावर पंचवीस रेघा होत्या आणि लाल फुली होती. बादलीत ओतायची म्हणून ठेवलेली, गडबडीत राहून गेलेली.

हायपोचे खडे डब्यात नव्हते असे नाही. तुरटी होती, अॅसिड होते, सगळे होते. बंब विझला होता. तो पेटवायचा, पाणी तापवायचे, मग केलेले निवेपर्यंत थांबायचे, म्हणजे तास-दीड तासाचे काम. मी बाटली दिव्याजवळ धरली. आतले पाणी निवळशंख. निळ्या रेघेची गोटी तळाशी स्पष्ट दिसत होती. मी मनाशी म्हणालो, पंचवीस झाले तेथे सव्वीस. एका कागदाने काय होणार आहे? आणि बूच उघडले.

फोटो अप्रतिम आला. तसा फोटो मी त्यापूर्वी काढला नव्हता आणि नंतरही फारसा काढला असेन असे वाटत नाही. ऊटीच्या कारखान्याचा ‘इंदू’ कागद होता, त्याच्यावर आईच्या लुगड्याची प्रत्येक चुणी उमटली होती. सकाळी अण्णांनी अंथरुणातच उठून बसून तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, “छान आलाय.” आणि थोड्या वेळाने, “हायपो नवा केलास ना?”

“हो,” मी म्हणालो.

बाटली मी होती तशी कोनाड्यात ठेवली होती. सव्विसावी रेघ मारली नव्हती. पुढच्या रविवारी, ताप उतरल्यावर, अण्णांनी मला हाक मारली आणि समोर बसवून माझ्या हातून लिटरभर नवा हायपो करवून घेतला. बोलले काही नाहीत. मी ते सवयीचे काम समजलो.

आई २००४ साली गेली. अण्णा २०११ साली. पदर तोंडाला न लावलेला आईचा फोटो जगात तेवढा एकच, ताईच्या माजघरात.

गेल्या भाऊबीजेला मी मिरजेला गेलो. ओवाळून झाल्यावर ताईने फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. “बघ रे, पिवळा पडत चाललाय. तुला यातलं कळतं.” खरेच पडला होता. लुगड्याच्या पांढऱ्यावर, मागच्या चुन्याच्या भिंतीवर, काठांकडून आत येणारा एक मळकट पिवळेपणा. आणि उजव्या कोपऱ्यात तपकिरी डाग. आईचे दात पिवळे दिसत होते. दाजी म्हणाले, “ओल आहे भिंतीला. मी गेल्या पावसाळ्यात सगळा गिलावा खरवडून पुन्हा करून घेतला, वॉटरप्रूफ रंग दिला, फोटो या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. तरी वाढतंच आहे.”

“ओल वाईटच,” मी म्हणालो आणि चकलीचा तुकडा मोडला.

परतीच्या एस.टी.त मला झोप आली नाही. फोटो पिवळे पडण्याचा प्रश्न काही आजचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. नेमक्या त्याच सुमारास तिकडे लंडनमध्ये सगळे फोटोग्राफर हवालदिल झाले होते, कारण चारपाच वर्षांपूर्वीचे फोटो डोळ्यांदेखत विटू लागले होते. १८५५ साली तेथल्या सोसायटीने याचा शोध घेण्यासाठी एक समितीच नेमली आणि राणीच्या यजमानांनी, प्रिन्स अल्बर्टनी, तिला पन्नास पौंड दिले. समितीला दोन मोठी कारणे सापडली: नीट न धुतल्यामुळे कागदात राहिलेला हायपो, आणि गंधक. गंमत अशी, की जुन्या, वापरून वापरून दमलेल्या हायपोत फोटो ठेवला तर त्याला सुरेख जांभळट छटा येते, म्हणून त्या काळचे पुष्कळ फोटोग्राफर मुद्दाम जुना हायपो जपून ठेवीत! जे फोटो पहिल्या दिवशी सर्वांत देखणे दिसले, तेच पुढे विटले. हे मी पूर्वी अण्णांच्या पुस्तकांत वाचले होते. त्या रात्री मात्र, कराडच्या स्टँडवर गाडी थांबली असताना, ते मला कोणीतरी नाव घेऊन ऐकवल्यासारखे वाटले.

घरी आल्यावर मी अण्णांचा बिस्किटांचा डबा काढला. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत, पाकिटांवर तारखा. पाकीट सापडले. उघडायला मला थोडा वेळ लागला. खिडकीशी धरली, तर अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वीची ती फिल्म कालच केल्यासारखी स्वच्छ होती. कोठे डाग नाही, पिवळेपणा नाही. ‘फिल्म’च्या बाटलीला दुसऱ्याचा हात लागू न देणाऱ्या माणसाने ती पक्की केली होती.

मग मी सगळे रीतसर केले. आता काळेपांढरे कागद परदेशातून येतात आणि त्यांच्या किमती विचारू नयेत. ऊटीचा कारखाना केव्हाच बंद झाला. हायपो मात्र सहज मिळतो. पुण्याच्या दुकानदाराने मला विचारले, “मासे पाळता वाटतं?” नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला मासे पाळणारे लोक हायपोच नेतात. मी हो म्हणालो असतो तर आणखी एक खोटे झाले असते. म्हणून नाही म्हणालो, आणि अण्णांनी दूधवाल्याला सांगितले असते ते सगळे त्याला सांगितले. दुकानात तीन गिऱ्हाइके खोळंबली.

या खेपेस एका ट्रेवर न भागवता हायपोचे दोन ट्रे मांडले. ही पद्धत अण्णांना माहीत होती, पण आमच्या डोणीवर चौथा ट्रे मावत नसे. कागद निम्मा वेळ पहिल्यात, निम्मा दुसऱ्यात. पहिला जड काम करतो, दुसरा राहिलेसाहिले पाहतो. पहिला दमला की तो टाकायचा, दुसऱ्याला पहिला करायचे आणि त्याच्या जागी ताजा आणायचा. यात शेवटचा हात नेहमी ताज्याचा फिरतो आणि हायपोही जास्त कागदांना पुरतो. काटकसर करायचीच तर ती अशी. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी थोडे पोटॅशियम आयोडाइडचे पाणी आणले होते. वापरलेल्या चमचाभर हायपोत त्याचे चार थेंब टाकले. पिवळट साका आला आणि हलवताच विरघळून गेला, म्हणजे हायपोत अजून दम होता. साका तसाच राहिला असता तर फुली. तासभर पाणी बदलत कागद धुतला. मग त्याच्या पांढऱ्या काठावर सोडियम सल्फाइडचा एक थेंब ठेवला. कागदात चांदी राहिली असेल तर तेथे तपकिरी डाग पडतो. वीस-पंचवीस वर्षांनी दिसायचे ते दोनतीन मिनिटांत दिसते. थेंब टिपला. काठ पांढरा होता. ही परीक्षा १९९८ साली मला ठाऊक नव्हती असे नाही.

पौषातल्या एका रविवारी मी मिरजेला गेलो. दाजी वर्तमानपत्र वाचत होते. ताईने पाकीट उघडले, फोटो पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी काही न बोलता परत आलो असतो तरी चालले असते. तेवढ्यासाठीच मी घाईने बोललो.

“ताई, तो ओलीनं पिवळा पडलेला नाही. माझ्यामुळं पडलाय.” आणि बाटली, रेघा, फुली, विझलेला बंब, सगळे सांगितले.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे भिंत उगाचच खरवडली?”

दाजींनी वर्तमानपत्र खाली केले.

“किती गेले हो त्या भिंतीत?” ताईने विचारले. दाजींनी आकडा सांगितला. मी खाली पाहिले. दाजी म्हणाले, “ओल होतीच पण थोडी,” आणि पुन्हा वर्तमानपत्र वर केले. भला माणूस आहे.

चहा झाल्यावर ताईने हळूच विचारले, “अण्णांना ठाऊक होतं?”

“त्यांनी विचारलं होतं. मी, नवा केला म्हणून सांगितलं.”

“आणि बाटली?”

“कोनाड्यातच होती.”

“फुलीची? तिथंच?”

“तिथंच.”

“मग त्यांनी बघितली असेल रे,” ताई म्हणाली. “नवा केला असता तर फुलीची बाटली भरलेली कशी राहिली असती?”

हे माझ्या इतक्या वर्षांत ध्यानात आले नव्हते. तो पुढचा रविवार मला आठवला. बंबाचे पाणी, २४० ग्रॅम खडे, आणि समोर पाटावर बसून, ताप उतरलेल्या आवाजात, “आता सल्फाइट” एवढेच म्हणणारे अण्णा.

नवा फोटो ताईने जुन्याच्या चौकटीत बसवायला दिला. जुना मी मागून घेतला. त्यातले जे तपकिरी झाले ते आता जाणार नाही. पण जे अजून पांढऱ्यात दबा धरून आहे ते ताज्या हायपोत बाहेर येईल आणि डाग पुढे सरकायचा थांबेल. “चालेल,” ताई म्हणाली आणि तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तिने माझ्या पिशवीत ठेवला. निघताना पायरीवर पुन्हा हाक मारून म्हणाली, “मावशीलाही एक कर. आणि दोन्ही मामांना. सगळ्यांकडे असू दे.”

म्हणजे आठ बाय दहाचे तीन कागद, आणि जुना धरून चार. बाटलीवर सध्या अकरा रेघा आहेत.